असईची लढाई, सहा बाय चारच्या टेबलावर

दादरच्या दुकानात नवख्यांना ऐतिहासिक वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायची जुनी लढाई, शिकवायचा असला की मी असई मांडतो. 23 सप्टेंबर 1803, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात एकीकडे शिंद्यांचं कवायती पायदळ, दुसरीकडे इंग्रज सेनापती वेलस्ली. नदीकाठी दोन गावं समोरासमोर दिसतात म्हणजे मध्ये उतार, नदी पायी ओलांडायची जागा, असणारच, हे त्याने ताडलं आणि तिथूनच फौज पार नेली. म्हणून टेबलावर उताराची जागा आधी ठरवायची, बाकीचं नंतर.

सैनिक 15 मिमीचे, त्यामुळे 28 मिमीसाठी दिलेली अंतरं निम्मी धरतो: पायदळाची एक चाल 6 इंच, घोडदळाची 9. सैनिक बेसला धरूनच उचलायचे. संगिनीला धरला की ती वाकते. पावसाळ्यात मॅट व्हार्निशचा स्प्रे मारू नये, दमट हवेत पांढरा थर धरतो आणि सगळी रंगरंगोटी वाया जाते.

खेळाचा जीव हुकमात आहे. आधी हुकूम मोठ्याने बोलायचा, मग दोन फासे टाकायचे. सेनापतीचा आकडा 8 असेल तर 7 किंवा 8 पडल्यास एक चाल, 6 ला दोन, 5 किंवा कमी पडल्यास तीन. 9 किंवा जास्त पडले की तुकडी जागची हलत नाही. छत्तीसपैकी दहा वेळा हे होतं. नवखे फाशांकडे बघतात. मी त्यांना वाक्याकडे बघायला लावतो.

त्या शनिवारी इंग्रजांकडून खेळणाऱ्या काकांनी हुकूम दिला, "पिकेट, उजवीकडून पुढे." पिकेट म्हणजे फौजेच्या पुढे असणारी पहाऱ्याची तुकडी. फासे पडले दोन आणि दोन. तीन चाली, 18 इंच, आणि थांबायची जागा सांगितलेलीच नाही. पिकेट थेट असईच्या तोफांपुढे. लांबून तोफेला एक फासा मिळतो, जवळून तीन. चार तोफांचे बारा फासे पडले आणि पिकेट मोडली.

"हे कसं काय?" काका चमकले.

"काका, कुठे थांबायचं ते तुम्ही बोललाच नाहीत," समोर शिंद्यांची बाजू सांभाळणारी मुलगी म्हणाली.

प्रत्यक्षात नेमकं हेच घडलं होतं. ऑरॉक या इंग्रज अधिकाऱ्याच्या पिकेट असई गावाच्या फार जवळ भरकटल्या, त्यांच्यामागून गेलेली 74वी पलटण तोफांच्या तोंडी सापडली आणि कापली गेली. नियम लिहिणाऱ्याने असई डोळ्यांपुढे ठेवली नसेलही, पण गोंधळ हुबेहूब तोच उभा राहिला. म्हणूनच या पद्धतीवर माझा इतका जीव आहे.

पुढच्या पाळीत काकांनी सावकाश शब्द जुळवले: "74वी, बाभळींच्या रांगेपर्यंत, तिथेच थांब." फासे 9. पलटण हलली नाही. मग घोडदळाला: "19वी ड्रॅगून, 74वीच्या उजवीकडून पहिल्या तोफेपर्यंत, पुढे नाही." फासे 6. दोन चाली, 18 इंच; टेप लावला तर तोफ साडेसतरावर होती.