सुट्ट्यांचं फज, यंदाचं अपडेट: सगळं लक्ष गार होण्यावर

मंडळी, यंदाच्या फजचं (दूध-साखरेचा पाक शिजवून, घोटून केलेली मऊ वडी) अपडेट देतेय, जरा लांबलंय पण आपल्यातल्या फजवेड्यांना चालेल. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत डबे भरून वाटायला फज करायचं हे माझं ठरलेलंच असतं, पण यंदा मी एकच गोष्ट धरून बसलेय, ती म्हणजे गॅस बंद केल्यानंतर पातेल्यात काय होतं. गॅसवरच्या भागाबद्दल आपण सगळेच भरपूर बोलतो, किती डिग्री, किती वेळ, कुठलं पातेलं, आणि ते महत्त्वाचं आहेच, पण माझं मत आता पक्कं झालंय की फजचा मऊपणा पातेलं खाली उतरवल्यावर येतो आणि बिघडतोही तेव्हाच.

आधी प्रमाण सांगते म्हणजे पुढचं सगळं त्यावरच आहे हे लक्षात राहील. 300 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, 180 मिली फुल फॅट दूध, चिमूटभर मीठ, एक टेबलस्पून ग्लुकोज सिरप, 30 ग्रॅम बटर आणि अर्धा चमचा व्हॅनिला. जुन्या पद्धतीचं, शिजवून घोटायचं फज. कोको आणि साखर आधी कोरडीच एकत्र करून घ्यायची, मग दूध घालायचं, म्हणजे कोकोच्या गुठळ्या होत नाहीत. पातेलं जाड बुडाचं आणि वाटतं त्यापेक्षा मोठं घ्या, कारण दूध-साखर उकळायला लागली की भसाभस वर येते आणि या एवढ्याशा प्रमाणालासुद्धा अडीच-तीन लिटरचं पातेलं लागतं.

थर्मामीटरचं. ज्यांनी अजून आपला थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून बघितला नसेल त्यांनी आजच बघा, खरंच. समुद्रसपाटीला पाणी 100 डिग्री सेल्सिअसला उकळतं आणि साधारण दर 300 मीटर उंचीला एक डिग्री कमी होतं, त्यामुळे तुम्ही उंचावर राहत असाल किंवा थर्मामीटरच थोडा चुकीचा असेल तरी उपाय तोच, फज एरवी 114 ला उतरवायचं असतं, उकळत्या पाण्यात तुमच्याकडे 98 दाखवलं तर त्याच्या जागी 112 ला उतरवायचं. आपल्याला खरं तर डिग्री नको असते, पाण्याचं आणि साखरेचं प्रमाण हवं असतं, डिग्री नुसती त्याची खूण. 114 च्या आसपास पाकात साधारण 85 टक्के साखर असते, आणि तेवढ्यालाच गार झाल्यावर वडी पडते आणि तरी मऊ राहते. एक-दोन डिग्री अलीकडे उतरवलं की सैल, चमच्याने खायचं प्रकरण, आणि 118 च्या पुढे गेलं की सुरी लावली की भुगा. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून गोळी वळून बघायची जुनी रीत मी अजूनही करते, 113 दिसायला लागलं की एक थेंब, बोटांत घेतल्यावर मऊ गोळी झाली पाहिजे आणि पाण्याबाहेर काढल्यावर आपल्याच वजनाने हळूच चपटी व्हायला पाहिजे. थर्मामीटर आणि गोळी दोन्ही एकच सांगत असतील तर डोळे झाकून गॅस बंद.

थर्मामीटर मी आता क्लिपने सुरुवातीपासूनच अडकवून ठेवते, टोक बुडाला टेकणार नाही असं, आणि शेवटपर्यंत काढत नाही. का ते पुढे येईलच.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आच आणि सतत ढवळणं, इथे घाई नाही. कालथ्याला चिकटलेला एक थेंब दोन बोटांत चोळून बघते, कचकच लागली तर अजून वेळ आहे. एकदा उकळी फुटली की ढवळणं बंद, आणि पातेल्याच्या कडांवर जे साखरेचे बारीक कण चिकटलेले दिसतात ते ओल्या ब्रशने पाण्याचा हात फिरवत खाली उतरवायचे. दोन-तीन मिनिटं झाकण ठेवलं तरी वाफेनेच कडा धुतल्या जातात पण दुधामुळे उतू जायची भीती असते म्हणून मला ब्रशच बरा वाटतो. बुड लागतंय असं वाटलं तर आच कमी करा, ढवळू नका. कडेला राहिलेला साखरेचा एक कण नंतर सगळ्या घाण्याला रवाळ करू शकतो, कारण गार होणाऱ्या पाकात मावते त्यापेक्षा कितीतरी जास्त साखर असते आणि ती बाहेर पडायला निमित्तच शोधत असते, एक कण मिळाला की त्याच्यावर थर चढायला लागतात.

आता यंदाचा मुख्य प्रयोग. गार किती होऊ द्यायचं हे पुस्तकी आकड्यावर न सोडता मुद्दाम ताडून बघायचं ठरवलं. एकाच दिवशी, एकाच पिशवीतली साखर, तेच पातेलं, 114 लाच उतरवलेले वेगवेगळे घाणे, फरक फक्त घोटायला कधी सुरुवात केली याचा. एक उतरवल्या उतरवल्या, 90 च्या वरच असताना. एक 65 ला. एक 45 ला. आणि एक अगदी 38 पर्यंत थांबून.

गरम असताना घोटलेलं पटकन आळलं, दिसायलाही छान, आणि पहिल्या घासाला चॉकलेटची चवही छान, पण जिभेवर कण. दुसऱ्या दिवशी तर दाताखाली स्पष्ट कचकच. 65 वालं बरंच बरं, घाईत केलेलं म्हणून कुणी नावं ठेवणार नाही, पण वितळताना शेवटी जिभेवर बारीक रवा राहतोच. 45 वालं म्हणजे ज्यासाठी हे सगळं करतो ते, सुरी लावली की कापलेली बाजू एकसारखी, गुळगुळीत, मंद रंगाची, तोंडात ठेवलं की आधी घट्ट लागतं आणि मग सगळंच्या सगळं एकदम विरघळतं. 38 ला पोतही तसाच बारीक पण घोटायला हात भरून येतो आणि पातेल्यातच घट्ट व्हायला लागतं, ट्रेमध्ये नीट पसरायला वेळच देत नाही. म्हणून माझ्यापुरता आकडा 43 ते 48, त्यातही 45 ला कालथा उचलायचा.

यामागचं कारण समजून घेतलं की थांबणं सोपं जातं. पाक गरम असतो तेव्हा पातळ असतो, साखरेचे रेणू मोकळे फिरतात, त्यामुळे तेव्हा हलवलं की थोडेच स्फटिक तयार होतात आणि आजूबाजूची साखर ओढून तेच मोठे होत जातात. गार आणि घट्ट झालेल्या पाकात साखर कोंडलेली असते पण हलायला जागा नसते, अशा वेळी घोटायला सुरुवात केली की एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक जन्मतात आणि मोठं व्हायला कुणालाच फारशी साखर उरत नाही. म्हणजे फजमध्ये साखर धरलेली असतेच, धरलीच पाहिजे, फक्त कण इतके बारीक हवेत की जिभेला कळू नयेत.

म्हणूनच गार होईपर्यंतचा तो तासभर (कधी जास्तही) पातेल्याला हात लावायचा नाही. पातेलं एका जागी ठेवायचं, वर बटरचे तुकडे आणि व्हॅनिला टाकायचा आणि ढवळायचं नाही. बटर वितळून वर थर धरतं आणि त्याने साय येत नाही, आणि व्हॅनिला उकळत्या पाकात न घालता नंतर घातल्यामुळे वासही जास्त टिकतो. थर्मामीटर काढून परत खुपसायचा नाही, पातेलं उचलून बघायचं नाही, हलवून किती घट्ट झालंय ते तर अजिबात बघायचं नाही. गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर उरकतं हे खरं, मीही करून बघितलं, पण कडा आधी गार होतात आणि मध्यभाग गरमच राहतो त्यामुळे थर्मामीटर जे सांगतो ते सगळ्या पातेल्याचं नसतं. ओट्यावर आपसूक गार होऊ देणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

घोटण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त विचारतात. लाकडी कालथा घ्या. सुरुवातीला पाक काळा, चकचकीत, मधासारखा ओढला जातो आणि बटर मिसळेपर्यंत तर तेलकटच दिसतो, घाबरू नका. पाच-सात मिनिटांनी रंग अर्ध्या छटेने उजळतो. मग कालथ्याच्या रेघा जरा वेळ टिकायला लागतात. त्यानंतर एक क्षण असा येतो की मिश्रण उगाचच थोडं सैल आणि पातेलं बाहेरून कोमट लागतं, ते खरंच गरम होत असतं, कारण स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते, आणि तिथून पुढे तुमच्याकडे जेमतेम मिनिटभर असतं. चकाकी आधी कालथ्यामागच्या पट्ट्यात जाते, तो पट्टा मॅट दिसतो आणि बाजूचं अजून चमकत असतं, मग बघता बघता सगळ्यावरची चमक उतरते. पट्टा मॅट दिसला की ओता. सगळी चमक जाईपर्यंत थांबलात तर पातेल्यातच गठ्ठा. अक्रोड घालायचे असतील तर भाजून, कोमट ठेवून, या मिनिटाच्या जरा आधी घाला, गार अक्रोड टाकले तर त्यांच्याभोवती आधी आळतं. आणि ट्रे, बटर लावलेला बेकिंग पेपर, सगळं आधीच तयार ठेवा. पातेल्याच्या कडा खरवडून ट्रेमध्ये घेऊ नका, तिथे जाडे कण असतात, ते खरवडलेलं उभ्याउभ्या खायला असतं.

ग्लुकोज सिरप लागतंच का यावर मागे बरीच चर्चा झाली होती म्हणून तेही बघितलं. सिरप न घालता, सिरप घालून आणि सिरपच्या जागी क्रीम ऑफ टार्टरची (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पावडर) अगदी लहान चिमूट घालून. काम दोघांचंही एकच, साखरेच्या स्फटिकांना एकमेकांशी नीट जुळू न देणं, फक्त सिरपमध्ये ग्लुकोज तयार असतं आणि क्रीम ऑफ टार्टर आंबट असल्यामुळे उकळताना साध्या साखरेतली थोडी मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं. सिरपवालं सगळ्यात निर्धास्त. क्रीम ऑफ टार्टर चालतं, पण किती साखर मोडेल ते किती वेळ उकळलं यावर असतं, त्यामुळे दर वेळी थोडा फरक. काहीच न घातलेलंही सुंदर होतं, किंबहुना मला त्याचा तुटण्याचा पोत जास्त आवडतो, पण कडा धुण्यात आणि थांबण्यात जराही कसर चालत नाही. सिरप जास्त झालं तर मात्र चिवटपणा येतो, टेबलस्पूनच्या वर जाऊ नका.

कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट वितळवून करतात त्याबद्दल दोनच वाक्यं. लहान मुलांबरोबर करायला उत्तम, पण त्यात घट्टपणा चॉकलेटच्या गोठण्यातून येतो, स्फटिकांचा खेळच नाही, त्यामुळे त्याची या फजशी तुलना करण्यात अर्थ नाही. मार्शमॅलो क्रीमवालं (मार्शमॅलोसारखं तयार मऊ, चिकट मिश्रण घालून करतात ते) मधलं, पाक उकळावा लागतो पण क्रीममधलं सिरप आणि अंड्याचा पांढरा भाग रवाळपणा आवरतात.

एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजच्या एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज या विद्यार्थिनीचं पत्र आहे, त्यात 1886 मध्ये बाल्टिमोरला तिच्या मैत्रिणीच्या नात्यातल्या कुणीतरी फज केल्याचा उल्लेख आहे आणि 1888 मध्ये तिने स्वतः कॉलेजच्या एका लिलावासाठी 30 पौंड फज केलं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर! हाताने घोटायचं म्हटल्यावर तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

डबे भरण्याचं. वड्या कोमट असताना सुरीने नुसत्या रेघा मारून ठेवते आणि पूर्ण गार झाल्यावर कापते, सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून. कापलेलं लगेच वाटत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात एक रात्र राहिलं की ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि पोत स्पष्टपणे सुधारतो, हे पटत नसेल तर एक वडी त्याच दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी खाऊन बघा. थरांमध्ये बेकिंग पेपर. फ्रिजमध्ये नको, कोरडं पडतं. महिनाभर आधी करायचं असेल तर नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा बंदच ठेवून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे पाणी डब्यावर धरतं, वड्यांवर नाही. हवा दमट असेल त्या दिवशी एक डिग्री वर नेते, साखर हवेतला ओलावा ओढतेच.

कुणाचं रवाळ झालं असेल तर टाकू नका. पातेल्यात परत घ्या, अर्धा कप पाणी घाला, मंद आचेवर सगळे कण विरघळेपर्यंत थांबा आणि पुन्हा 114 पर्यंत न्या, पुढचं सगळं तसंच. सैल राहिलेल्यालाही हाच उपाय.

पुढचा घाणा ब्राऊन शुगरचा, म्हणजे पेनुची. त्यात कोको नाही, त्यामुळे चूक लपायला जागा नाही, आणि ब्राऊन शुगरमधल्या मळीच्या आंबटपणामुळे उकळताना दूध फाटल्यासारखं दिसतं, घोटताना ते बऱ्यापैकी एकजीव होतं म्हणे, काहीजण म्हणून दुधाऐवजी क्रीम घेतात. मी दोन्हींचा एकेक घाणा करणार आहे, 45 चा आकडा तिथेही तोच राहतो का ते बघायचंय. ज्यांनी क्रीमवाली केलीय त्यांनी सांगा, बटर तेवढंच ठेवलं की कमी केलं?