‘भांग’वर थांबायचं

गेला आठवडाभर डोक्यात एकच ओळ वाजतेय. आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींच्या, उत्तर पेशवाईतल्या लावणीची: ‘सुंदरा मनामध्ये भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली, मोत्याचा भांग.’

रविवारी ती अम्मासमोर मोठ्यानं म्हणत होते. अम्मा सूप मांडीवर घेऊन दारात बिड्या वळत बसलेली. ऐकता ऐकता तीही म्हणायला लागली, पण तिच्या तोंडी शेवट झाला ‘भांगा’. आमच्या घरात तेलुगू. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, म्हणून जीभ आपसूक शेवटी स्वर जोडते. आणि ओळ तिथंच सांडली. एवढ्याशा ‘आ’नं असं काय झालं, म्हणून वही घेऊन बसले.

भरली, ठरली, शिरली. प्रत्येकात दोन लघू, एक गुरू; छंदशास्त्रातला ‘स’ गण. पुढच्या ओळीत पुरली, विरली, फिरली. पुन्हा तेच माप. सहाही क्रियापदं, सहांच्याही शेवटी मोकळी ‘ली’. ‘ई’ म्हणताना आवाजाला कुठं अडथळा नसतो, तो घरंगळत पुढच्या तुकड्यावर जातो. शाळेत आपण याला यमक म्हणून मोकळे होतो. मला मात्र ही त्या बाईची चाल वाटते. ती ठरत नाही, तर ओळ तरी कशी ठरेल?

मग येतो ‘मोत्याचा भांग’. इथं क्रियापदच नाही. धावत आलेली नजर केसांतल्या मोत्यांच्या रेघेवर टेकते. ध्वनीही तसाच: लांब ‘भां’, नाकात घुमणारा, आणि मागोमाग घशात अडणारा ‘ग’. लिहिताना तो पूर्ण असला तरी बोलताना आपण त्याचा ‘अ’ गिळतो. ढोलकीवर थाप मारून तळवा तिथंच दाबून धरावा, तसा. पुढच्या ओळीचा ‘कुणाची सांग’ही असाच दाबलेला. सहा वेळा सोडायचं, दोनदा धरायचं. दोन ओळींचा सगळा तोल त्या दोन ‘ग’वर आहे. अम्माच्या ‘आ’नं तेच दार उघडं राहिलं होतं.

हे तिला सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली, दोनदा पुटपुटली, तिसऱ्यांदा नीट म्हटलं: ‘भांग.’ मग विचारलं, “इथं श्वास घ्यायचा?”

हो अम्मा, इथंच.