मार्गशीर्षात चंद्रभागेवर छोटी मोटरबोट : पंढरपूर ते विष्णुपद

कार्तिकी उरकली की पंढरपूर जरा मोकळं होईल, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं होत नाही. मार्गशीर्षात देव गोपाळपूरजवळच्या विष्णुपदावर, दगडावर त्याची पावलं आहेत त्या नदीतल्या देवळात, मुक्कामाला असतो अशी श्रद्धा, त्यामुळे महिनाभर लोक डबे बांधून तिकडं जातात आणि त्यातले निम्मे तरी पुंडलिकापासून होडीनं जायचा हट्ट धरतात. नदीचा हा एवढासा तुकडा, पण त्यात वल्ह्याच्या होड्या, मोटरच्या होड्या, आंघोळीला उतरलेली माणसं, दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं, सगळं एकाच पाण्यात. यंदा आम्ही तिथं स्वतःची बोट घेऊन गेलो.

बोट आमच्या दाजींची. टेंभुर्णीकडं उजनीच्या पाण्यात ते ती चालवतात. फायबरची, मागं बाहेरून अडकवलेलं लहान इंजिन (आउटबोर्ड), ऐसपैस बसली तर चार माणसं. दाजी ती छोट्या टेम्पोत घालून आले, मी सोलापूरहून मोहोळमार्गे पोचलो. पंढरपुरात दाजींच्या ओळखीचे एक नावाडी तात्या आहेत. त्यांना सोबत घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. माझं स्पष्ट मत आहे, तुम्ही धरणात कितीही बोट चालवलेली असो, चंद्रभागेत पहिल्या खेपेला स्थानिक नावाडी बोटीत हवाच. तळ फार फसवा आहे. वाळू उपसल्याचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोक्यावरून पाणी. बोटीला खड्ड्याचं काही नाही, पण बोटीतनं उतरणाऱ्याला आहे. तात्या हातातल्या बांबूनं तळ चाचपल्याशिवाय कुणाला उतरू देत नव्हते.

कागदांचं आधी सांगतो, कारण ते लोक शेवटाला ठेवतात. अंतर्देशीय जहाज अधिनियम 2021 मध्ये आला. इंजिनवाल्या बोटीची नोंदणी आणि तपासणी त्याखाली येते, आपल्याकडं ते काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. वारीच्या दिवसांत प्रशासन होड्यांवर निर्बंध घालतं, तेव्हा यात्रेच्या आसपास जायचं असेल तर आदल्या दिवशी घाटावरच्या पोलिसांना विचारून घ्या.

दुसरी चौकशी पाण्याची. इथली नदी पंढरपूरच्या पावसावर चालत नाही. वरून उजनी धरण पाणी सोडतं, आणि वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरला भीमेला, म्हणजे आपल्या चंद्रभागेलाच, मिळतं. पावसाळ्यात हा विसर्ग लाख क्युसेकच्या वर गेला की जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, यावरून अंदाज करा. तेव्हा कुणी बोट काढणार नाही. पण हिवाळ्या-उन्हाळ्यातही गाफील राहू नका. आपल्या सोलापूर शहराला प्यायला उजनीतून नदीत पाणी सोडलं की ते पंढरपूरवरूनच खाली औज बंधाऱ्याकडं जातं. काल संथ असलेली नदी आज वाहती लागते ती अशानं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बंधाऱ्यानं अडवलेलं होतं, जवळजवळ तळ्यासारखं.

बंधाऱ्याचं मात्र नीट ऐका. विष्णुपदाच्या अंगाला खाली बंधारा आहे. असल्या बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी तुंबवतात. वरच्या बाजूनं पाहिलं तर सपाट, शांत पाणी दिसतं, धोका डोळ्याला दिसतच नाही. बर्गे काढलेले असले किंवा पाणी वरून सांडत असलं तर वरच्या बाजूला ओढ असते, आणि खालच्या बाजूला पाणी गोल फिरून पुन्हा भिंतीकडंच येतं. त्यात सापडलेली बोट काय, पट्टीचा पोहणारा काय, बाहेर पडणं महाकठीण. इंजिन बंद पडलं तर वाहत तिकडंच जाल, हे धरून चाला. आमच्या बोटीत दोन वल्ही होती आणि दोरीला बांधलेला छोटा नांगर होता. नांगर कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नका, हात घातला की फेकता आला पाहिजे.

आम्ही दगडी पुलाच्या खालच्या अंगाला, पैलतीरावर बोट पाण्यात टाकली. तिकडं गर्दी कमी. बोटीत एकेकानं, मधोमध पाय ठेवून उतरायचं आणि लगेच बसायचं. लाइफ जॅकेटं टेम्पोपाशीच अंगात घातली, पट्टे आवळले. घाटावर बऱ्याच होड्यांत जॅकेटं दिसली, पण बुडाखाली. मऊ बसायला! इंजिन तातडीनं बंद करणारी लाल गुंडाळीची दोरी दाजींनी मनगटात अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर तीच इंजिन थांबवते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

रस्त्यावर आपण डावीकडनं जातो, पाण्यात उजवीकडनं. समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडं वळायचं. आडवी येणारी आपल्या उजव्या हाताला असेल तर थांबायचं आपण. मागून पुढं जाणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं. हे नियम पाठ असावेत, पण इथं त्यांच्या भरवशावर राहू नये. वल्ह्याची भरलेली होडी चट वळत नाही, तिच्यातली माणसं फोटोसाठी एका बाजूला उठतात. तात्या दाजींना म्हणाले, "पाव्हणं, हितं तुमी समद्यात शेवटी. आंघोळवाला पयला, वल्हंवाला दुसरा, मशीनवाला राहिलं-साहिलं तर." मला हे पुस्तकातल्या नियमांपेक्षा पटलं. आम्ही चालीच्या वेगानं गेलो, कारण आपल्या मागची लाट शेजारच्या होडीत पाणी घालते. पुंडलिकासमोर तर आंघोळीच्या गर्दीपासून बरंच लांब, नदीच्या मध्यातून.

इंजिनचा पंखा दोनदा अडकला. एकदा निर्माल्याची माळ, एकदा साडीचा तुकडा. आवाज बदलला की लगेच इंजिन बंद करा, मशीन वर उचला, मगच हात घाला. एकानं वल्हं धरून बोट सांभाळायची, दोघांनी मागं झुकायचं नाही. साधी सुरी जवळ असू द्या, नायलॉनचा दोर हातानं तुटत नाही.

वाटेत पैलतीरावर इस्कॉनचा घाट दिसतो, पुढं पात्रात नारदाचं देऊळ. विष्णुपदाला थेट पायऱ्यांना बोट लावू नका. पाणी वाहतं असेल तर आधी वळून तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करा आणि हळू काठाला या, म्हणजे पाणीच बोटीला ब्रेक लावतं. शेवटचे काही हात आम्ही इंजिन बंद करून वल्ह्यावर गेलो, पायऱ्यांवर पोरं होती. दगडावरची पावलं पाहिली, भाकरी, शेंगाचटणी, दही झालं. जेवण सावकाश, पण घड्याळाकडं लक्ष ठेवून.

कारण परतीला प्रवाह उलटा लागतो आणि वारा उठतो. इंधनाचा हिशोब साधा ठेवा : तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा हात न लावता. मार्गशीर्षात हवा बरी असते. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचं काही सांगता येत नाही. 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. दाजी त्याच पाण्यातले, म्हणून उन्हाळ्यात ते दुपारी बोट काढतच नाहीत. पश्चिमेला ढग काळे झाले की जवळचा काठ गाठायचा, आपला काठ नव्हे. फोन जलरोधक पिशवीत हवा, अडचणीत 112.

नदीला पाणी सोडलेलं असेल तर बोट टेम्पोतच राहू द्या आणि नावाड्यांना विचारा. ते जात नसतील तर विषय संपला. जात असतील तर भाडं माणशी की अख्ख्या होडीचं, हे बसायच्या आधी बोलून घ्या, आणि जॅकेट मागून घ्या. जॅकेट नाही म्हणाले तर गोपाळपूरच्या रस्त्यानं सरळ चालत जा. लांब नाही, आणि गोपाळपूरचं देऊळही त्याच फेरीत होतं.