खर्र… खर्र… आणि शेवटी एक बुटकं कॅरियर

चार दिवसांच्या सायकल सहलीच्या पहिल्याच दिवशी, चढ संपून उतार लागल्यावर मागून आवाज यायला लागला. खड्डा आला की खर्र. सपाट रस्ता लागला की गप्प. मला वाटलं, चाकात काडी अडकली असेल. मागून येणारी मैत्रीण ओरडली, "अगं थांब! बॅग टायरला घासतेय तुझी!"

थांबून बघितलं तर सॅडलबॅगच्या बुडाला रुपयाएवढा काळा डाग, मधले धागे विरलेले, आणि आत ठेवलेल्या रेनकोटलाही काळं लागलेलं. पंचेचाळीस किलोमीटर झाले होते. तीन दिवस बाकी.

ही बॅग म्हणजे सीटच्या मागे आडवी टांगायची कॅनव्हासची पिशवी. इंग्लंडमधल्या नेल्सन गावात कॅरॅडाइस ही कंपनी १९३२ पासून या पद्धतीच्या बॅगा शिवते. सीटच्या मागच्या दोन कड्यांमधून दोन पट्टे जातात, तिसरा सीटपोस्टभोवती, म्हणजे सीटखालच्या नळीभोवती. ब्रूक्स कंपनीच्या बी-१७ सारख्या चामडी सीटला या कड्या मुळातच असतात. कॅरियर लागत नाही, पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) लागत नाहीत, टाचा कशाला अडत नाहीत. उंच माणसांसाठी झकास व्यवस्था. माझी उंची बेताची. त्यामुळे फ्रेम लहान, सीट खाली, आणि सीट ते टायर एवढ्याशा जागेत ही अख्खी बॅग मावायची होती.

उरलेले तीन दिवस मी जुगाड करत काढले. जड सामान मैत्रिणीकडे दिलं, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले, बुडाखालून दोरी घेऊन सीटच्या सळ्यांना बांधली. घासणं थांबलं, पण उभं राहून पेडल मारलं की बॅग घंटेसारखी डावी-उजवीकडे झुलायची. चढावर मागून कुणीतरी सायकल हलवतंय असं वाटत राहायचं. त्या तीन दिवसांत मी उभं राहून चढ चढणंच सोडून दिलं.

घरी आल्यावर आधी उसनं आणलेलं मोठं कॅरियर लावून बघितलं. पॅनियरवालं, भक्कम, २५ किलो पेलणारं. माझ्या बॅगेत पाच किलोही नसतात, पण मनात तेच, जेवढं मजबूत तेवढं बरं. लावल्यावर बॅग त्याच्यावर अक्षरशः उताणी झोपली. पट्टे ढिले पडले, तोंड आभाळाकडे, झाकण उघडलं की सामान बाहेर यायला तयार. म्हणजे आधी जागा टायर खात होता, आता कॅरियर.

तेव्हा कुठे टेप घेऊन बसले. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. आणि मोजायचं ते बॅग भरून आणि आपण सीटवर बसून. रिकामी बॅग आणि रिकामी सीट दोन्ही खोटं बोलतात. कड्यांपासून टायरच्या माथ्यापर्यंत २४ सेंटिमीटर. मी बसल्यावर सीट दबून २३. रिकामी बॅग २०, भरल्यावर पोट सुटून तीही बरोबर २३. खड्ड्यात खर्र का व्हायचं ते तिथेच कळलं. मोठ्या कॅरियरचा माथा टायरपासून आठ सेंटिमीटर वर होता, म्हणजे बॅगेला उरले जेमतेम १५.

बॅगेचं वजन सीटच्या कड्यांनीच घ्यायचं असतं. कॅरियरने फक्त बुडाखाली हात धरायचा. त्यामुळे किती किलो पेलतं यापेक्षा माथा किती खाली येतो, हा प्रश्न मोठा. दुकानात मात्र पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही.

सीटपोस्टला आवळून बसणारी कॅरियरं मी लवकर बाद केली. ती साधारण दहा किलोपर्यंतचीच असतात, ते चाललं असतं. पण माझा सीटपोस्ट फ्रेमबाहेर दिसतो चार बोटं, आणि त्यातही बॅगेचा तिसरा पट्टा. कॅरियर आवळायला जागाच नाही. (कार्बनचा सीटपोस्ट असेल तर ती आवळायचा विचारही करू नये.) सीटच्या सळ्यांना लावायचे तारेचे आधारही असतात, फार सुटसुटीत, पण सीट खाली असली की त्यांचीच कमान टायरला भिडते. बुटक्यांचं जग वेगळं.

शेवटी घेतलं ते पोलादी सळ्यांचं छोटं कॅरियर. माथा तळहातापेक्षा थोडा मोठा, पुढून एक जीभ, खाली दोन पाय, आणि पायांना एकाखाली एक तीन भोकं, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. वरच्या भोकात घेतल्यावर माथा टायरपासून अडीच सेंटिमीटरवर आला. बॅग आता टांगलेलीही राहते आणि टेकतेही. बुडाखालून एक पट्टा कॅरियरला घेतला की झुलणं बंद.

बसवताना एक दुपार गेली. खाली एक्सलजवळ एम-५ (पाच मिलिमीटर जाडीच्या) बोल्टची भोकं होती, वर नव्हती, म्हणून रबराचं अस्तर असलेल्या पट्ट्या आवळल्या. डावीकडे डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा चिमटा) कॅरियरच्या पायाच्या आड आला. तिथे एक सेंटिमीटरचा स्पेसर (मध्ये अंतर ठेवणारा तुकडा) घालून लांब बोल्ट लावला. अवजड पॅनियर लावायचे असते तर हे केलं नसतं, कारण लांब बोल्टवर भार आला की तो वाकतो. मागचा दिवा बॅगेआड जात होता; तो कॅरियरच्या मागच्या पट्टीवर गेला.

मग त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. त्याच चढावर मुद्दाम उभी राहिले. मागे काही आहे हे विसरायला झालं. मैत्रीण मागून म्हणाली, "आज फारच गप्प आहे गं तुझी सायकल." दुसऱ्या दिवशी खडीच्या पट्ट्यानंतर मात्र बारीक किणकिण सुरू झाली. उजवा बोल्ट दोन आटे सुटला होता. चार नंबरची अ‍ॅलन की हाताशीच होती, दोन मिनिटांचं काम. घरी परतल्यावर सगळ्या बोल्टांना थ्रेडलॉक, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद, लावलं.

विरलेल्या जागी मी जाड कापडाचं ठिगळ शिवलं होतं. ते आता बरोबर कॅरियरच्या मधल्या सळीवर टेकतं. तिथे पुन्हा घासू नये म्हणून सळीला पंक्चर ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली आहे.