व्हीए पॅनेलचा फ्लिकर: नवव्या दिवशी कारण सापडलं

मागच्या अपडेटमध्ये २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झचा व्हीए (गडद काळा रंग दाखवणाऱ्या पॅनेलचा प्रकार) मॉनिटर घरी आल्याचं आणि विंडोजने तो परस्पर ६० वर चालवल्याचं लिहिलं होतं. ते सेटिंग बदललं, विषय संपला. पुढचे नऊ दिवस मात्र फ्लिकरने, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या लुकलुकण्याने, खाल्ले. काल रात्री पावणेबाराला त्याचं मूळ हाती लागलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

आधी आनंदाची गोष्ट. यूएफओ टेस्टमध्ये (पडद्यावर उडती तबकडी सरकवून हालचाल किती स्पष्ट दिसते ते तपासणारी वेबसाइट) सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाला ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेममागे १६ पिक्सेलचं फरफटणं असतं, १८० वर ते साडेपाचच्याही खाली येतं. तबकडीच्या काचेतला तो छोटा जीव पहिल्यांदा स्पष्ट दिसला तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

आता फ्लिकर. गेमपैकी व्हॅलोरंट एकदम छान. सायबरपंक २०७७ मध्ये रात्र झाली, गाडी अंधाऱ्या गल्लीत वळली, की गडद राखाडी भिंती धपापायला लागायच्या. डेस्कटॉपवर काही नाही, खेळातल्या दुपारच्या उन्हातही जवळजवळ नाही. आई चहा घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “लाईट कमीजास्त होतेय का रे?”

त्यामुळे पहिला संशय घरातल्या जुन्या वायरिंगवर गेला. बाबांनी आयुष्यभर विजेच्या लाइनवर काम केलंय. त्यांनी सॉकेटला मल्टीमीटर लावला आणि अर्धा तास शेजारी खुर्ची टाकून बसले. २३१, २३०, २३१. “व्होल्टेजचा प्रश्न नाही हा, दुसरीकडे शोध,” म्हणाले. मग इन्व्हर्टर वगळून थेट लाइनवर घेतलं, तेच. डिस्प्लेपोर्टची केबल बदलली, तेच. १४४ हर्ट्झला उतरलो, तरी तेच. डीडीयू या सफाईच्या सॉफ्टवेअरने ग्राफिक्स ड्रायव्हर साफ करून नव्याने टाकला. तेच! शेवटी जी-सिंक (एनव्हिडियाचं व्हीआरआर) बंद केलं आणि भिंती शांत झाल्या, पण लगेच टेअरिंग आलं, चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसायला लागलं. म्हणजे भानगड व्हीआरआरमध्ये, गेमच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलत ठेवण्याच्या सोयीत होती.

काल मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेटचा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय दिसली. ती चालू केली आणि त्याच गल्लीत गाडी नेली. आकडा ५३, ५०, ९६, ४९, ९४ असा उड्या मारत होता, आणि प्रत्येक उडीला भिंत हलत होती.

माझ्या पॅनेलची व्हीआरआर रेंज ४८ ते १८०. एफपीएस (गेम सेकंदाला देतो तेवढ्या फ्रेम) ४८ च्या खाली गेलं की एलएफसी ही व्हीआरआरमधलीच सोय तीच फ्रेम दोनदा दाखवते, म्हणजे ४७ एफपीएसला पॅनेल ९४ हर्ट्झवर. ४८ ला प्रत्येक चित्र २०.८ मिलिसेकंद टिकतं, ९४ ला १०.६. दोन रिफ्रेशच्या मध्ये पिक्सेलचा चार्ज थोडा ओसरतो, त्यामुळे ही वेळ बदलली की उजेडही किंचित बदलतो. व्हीएच्या गडद छटांमध्ये तो फरक डोळ्याला टोचतो. माझं ४०६० ग्राफिक्स कार्ड त्या गल्लीत नेमकं ४५ ते ५५ च्या दरम्यान रेंगाळत होतं, ऐन उंबरठ्यावर.

हे कळल्यावर उपाय सुचायला वेळ लागला नाही. सीआरयू हे मॉनिटरच्या रिफ्रेश मर्यादा बदलणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि रेंजची खालची मर्यादा ४८ वरून ८० केली. रिस्टार्टची फाइल चालवली, स्क्रीन दोनदा काळी होऊन परत आली. गेमला ७२ एफपीएसची कॅप (वरची मर्यादा) लावली. आता ४५ ला पॅनेल ९०, ६० ला १२०, ७२ ला १४४. दुपटीचा खेळ कायम चालू, त्यामुळे उंबरठा वाटेत येतच नाही. त्याच गल्लीतून चार फेऱ्या मारल्या. भिंती स्थिर! लोडिंग स्क्रीनवर अजून थोडी थरथर आहे, कारण तिथे फ्रेमटाइमला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेला, काही ताळतंत्रच नसतं. तेवढं मी चालवून घेईन. हे करून बघणार असाल तर सीआरयूसोबत येणारी रिसेट-ऑल फाइल डेस्कटॉपवर आधीच काढून ठेवा. स्क्रीन काळीच राहिली तर तीच वाचवते. सीआरयू फुकट आहे आणि मॉनिटरसोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरपेक्षा शंभरपट कामाचं आहे.

व्हॅलोरंटला तर व्हीआरआरची गरजच नाही, एफपीएस १८० च्या कितीतरी वर असतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून त्या एका गेमला फिक्स्ड रिफ्रेश दिलं.

खोक्यावरच्या “१ एमएस”बद्दल (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) पुन्हा सांगतो, त्यावर मॉनिटर निवडू नका. तो आकडा गाठायला ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला वेगाने रंग बदलायला लावणारं सेटिंग) सगळ्यात वर न्यावं लागतं आणि मग हलणाऱ्या वस्तूंमागे पांढरी कड उमटते. माझं मधल्या पायरीवर आहे. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायला जाल तर दुकानातल्या रंगीबेरंगी माशांच्या व्हिडिओवर जाऊ नका. पेनड्राइव्हवर अंधारातला गेमप्ले न्या आणि तोच लावायला सांगा. मी नेला असता तर हे नऊ दिवस वाचले असते.

सोमवारी परतीची मुदत संपते. परवापर्यंत हा देऊन आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा घ्यायचं पक्कं होतं. काल रात्री ठेवायचं ठरवलं, कारण ३०००:१ च्या आसपासच्या कॉन्ट्रास्टचा तो गच्च काळा रंग १०००:१ च्या आयपीएसवर मिळणार नाही. पण फ्लिकर गेल्यावर आता डार्क स्मिअर ठळक दिसतोय, रात्री गाडी वळवली की विजेच्या खांबामागे जांभळट काळी शेपटी राहते. तो पॅनेलचा स्वभाव आहे, सीआरयूने जाणार नाही.

हे लिहिता लिहिताच मित्राला फोन केला. शनिवारी तो त्याचा १६५ हर्ट्झचा आयपीएस घेऊन येतोय. दोन्ही शेजारी ठेवायचे, खोलीतला दिवा बंद, तीच गल्ली, तोच खांब, आणि मोबाइलवर २४० एफपीएसचं स्लो-मोशन. आईलाही दारात उभं करणार आहे.