नेवाडाच्या वाळवंटात, मोहरीएवढ्या गोगलगायींसाठी

लास वेगासबद्दल लिहिणार नाही. तो झगमगाट आणि ती गर्दी मला सोसत नाही. तिथून नव्वदेक मैलांवर, डेथ व्हॅलीच्या अलीकडे अ‍ॅश मेडोज नावाचं अभयारण्य आहे, त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. धुळीचे रस्ते, सावली नाही, खायला काही मिळत नाही, आणि अशा रखरखाटात जमिनीतून उसळणारे निळे, कोमट झरे.

तिथल्या किंग्ज पूल नावाच्या झऱ्यापाशी ताई आणि भावोजी पपफिश हे निळेशार मासे बघण्यात रमले. मी लाकडी पायवाटेवर पालथी पडून खालच्या प्रवाहातले दगड बघत होते. एका दगडावर काळपट कण दिसत होते. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर त्यातला एक कण सरकला. अंगावर काटाच आला! ताई म्हणाली, "एवढ्यासाठी आणलंस आम्हाला इथे?"

हो, एवढ्यासाठीच. मोहरीच्या दाण्याएवढ्या या गोगलगायी कल्ल्यांनी श्वास घेतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात आणि कोरडी जमीन ओलांडू शकत नाहीत. हवामान ओलं होतं तेव्हा इथलं पाणी एकमेकांना जोडलेलं होतं. पुढे वाळवंट झालं, झरे सुटे पडले, आणि प्रत्येक झऱ्यात अडकलेली गोगलगाय आपापल्या वाटेने वेगळी होत गेली.

1980 च्या सुमारास याच जागेवर हजारो घरांचं शहर वसवायचा घाट होता. काही झऱ्यांवर बुलडोझर फिरलेही होते. 1984 मध्ये ही जमीन वाचली, अभयारण्य झालं. आणि यातल्या कितीतरी गोगलगायींना शास्त्रीय नाव मिळालं ते 1987 साली, रॉबर्ट हर्शलर आणि डोनाल्ड साडा यांच्या शोधनिबंधात. म्हणजे ते शहर उभं राहिलं असतं, तर त्या नाव मिळण्याआधीच संपल्या असत्या. हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नाव द्यायचं म्हणजे किती खटाटोप! नुसत्या शंखावरून भागत नाही, दोन वेगळ्या जातींचे शंख हुबेहूब सारखे असू शकतात. पाण्यात मेंथॉलचे खडे टाकून जीवाला आधी गुंगी आणतात, नाहीतर तो शंखात आखडून बसतो आणि आतलं काही बघता येत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली दीड-दोन मिलिमीटरच्या देहाचं विच्छेदन. नराच्या जननेंद्रियावर ग्रंथी कुठे आहेत, केवढ्या आहेत, यावरून जात ठरते. जिभेवरच्या दातांच्या रांगा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहतात, आता डीएनएही तपासतात. शेवटी एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून संग्रहालयात कायमचा जपायचा. इथल्या एका जातीचं नाव पिर्गुलोप्सिस पिस्टेरी. 1969 मध्ये आटत्या डबक्यातले ओवेन्स पपफिश दोन बादल्यांत भरून ज्यांनी ती अख्खी जात वाचवली, त्या फिल पिस्टर यांच्यावरून. इतका चपखल मान मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्याकडच्या ओढ्यांत सर्रास दिसणारी लांबट मेलानॉइड्स गोगलगाय तिथे उपरी म्हणून पोचली आहे आणि या इवल्या जीवांच्या जागेत मुसंडी मारते आहे. म्हणून तिथे जाणार असाल तर बूट आधी खसखसून घासा आणि पाण्यात पाय घालूच नका. भूजलाचा उपसा हा तर त्याहून मोठा धोका. झऱ्याचं तोंड आटलं, की ती जात जगातूनच गेली.

यातलीच क्रिस्टल स्प्रिंगस्नेल ही गोगलगाय फक्त इथल्या क्रिस्टल पूल या झऱ्यात आहे, पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही. तिथे पोचलो तर भावोजींना डेथ व्हॅलीतला सूर्यास्त गाठायची घाई. सूर्य रोजच मावळतो हो! पाण्यात नीट डोकावूही न देता मला गाडीत बसवलं, याचा राग अजून गेलेला नाही.