आंबोली, जुलैचा पहिला आठवडा : संध्याकाळनंतर गाडी काढू नका

निकाल आधी सांगून टाकतो. आंबोलीला पावसात बेडूक-साप बघायला जायचं असेल तर सोमवार ते गुरुवार जा. अंधार पडला की गाडीची किल्ली मुक्कामाच्या खोलीत ठेवून द्या. आणि 'सायटिंगची गॅरंटी' म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. एवढं पाळलंत तर खालचं वाचलं नाहीत तरी चालेल.

गॅरंटीपासूनच सुरू करू, कारण खरा राग तिथलाच आहे. दोन तासांची नाइट ट्रेल, माणशी अठराशे रुपये. 'चापडा नक्की, उडता बेडूक नक्की' असं फोनवर छातीठोक सांगितलेलं. प्रत्यक्षात एका गाइडमागे चौदा जण आणि चौदा टॉर्च. दोन्ही प्राणी दाखवले, पण दोन्ही आणून ठेवलेले होते. ठेवलेला प्राणी ओळखणं अवघड नाही. मलबारी चापडा दबा धरून बसणारा साप आहे. एकाच फांदीवर तो तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस बसतो. शेपटीने फांदीला विळखा घातलेला असतो, डोकं भक्ष्य येईल त्या वाटेकडे वळलेलं असतं आणि उजेड पडला तरी तो सहसा हलत नाही. आणून ठेवलेल्या सापाची शेपटी सैल असते, तो सारखा खाली उतरायला बघतो आणि नेमका कमरेच्या उंचीवर, रस्त्यापासून तीन फुटांवर, छान मोकळ्या पार्श्वभूमीवर 'सापडतो'. बेडकाचंही तसंच. मलबारचा उडता बेडूक झाडांच्या शेंड्यांत राहतो आणि पावसाळ्यात विणीसाठी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर येतो. तो रिसॉर्टच्या बागेतल्या लालभडक फुलावर बसलेला दिसला की समजायचं, हा स्वतःहून आलेला नाही.

यात बिघडतं काय, असं विचारणारे भेटतात. चापड्याने दिवसचे दिवस घालवून धरलेली जागा सुटते. बेडकाची कातडी ओली आणि सच्छिद्र असते, तिच्यातून तो पाणी घेतो आणि श्वासही घेतो. तुमच्या हाताला लावलेलं डास पळवायचं मलमही त्याच वाटेने आत जातं. आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, काल आलेला नाही.

तरी गाइड घ्याच, फक्त स्थानिक घ्या. चौघांपेक्षा जास्त नको. आधी दोन प्रश्न विचारा : 'प्राण्याला काठी लावता का?' आणि 'काहीच दिसलं नाही तर?' दुसऱ्याचं उत्तर 'तर नाही दिसलं' असं आलं की माणूस पक्का.

आता रस्ता. आंबोलीहून चौकुळकडे जाणारा रस्ता सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. वर मातीचा पापुद्रा, खाली कातळ. इथे वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो कातळातल्या खळग्यांत साठतो आणि वितभर रुंद, दोन-तीन बोटं खोल डबकी तयार होतात. आंबोली टोड हा अंगठ्याएवढा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, अशाच डबक्यांत अंडी घालतो. कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात 'टायगेरिना'. 2009 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. तो फक्त आंबोली परिसरातून ठाऊक आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात बसतो. म्हणजे जगात या भेकाचं घर जवळपास एवढंच : सडा, त्यावरची डबकी आणि मधून गेलेला डांबरी रस्ता.

अंधार पडून पाऊस धरला की बेडूक आणि भेक या रस्त्यावर येतात. कारणं सरळ आहेत. डबकी दोन्ही बाजूंना, त्यामुळे इकडून तिकडे जायचं तर डांबर ओलांडावंच लागतं. डांबर मोकळं असतं, किडे टिपायला बरं पडतं. आणि हेडलाइट अंगावर आला की बेडूक पळत नाही, जागच्या जागी गोठतो. पावसाळी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान या रस्त्याने चालत गेलो. चिरडलेले वीस मोजले आणि पुढे मोजणं सोडून दिलं. चिरडणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या बेडूक बघायला निघालेल्यांच्याच होत्या. काचेवर वाघाचा स्टिकर, चाकाखाली भेक.

म्हणून गाडी नको. पायी जा. हेडलॅम्प जमिनीकडे ठेवा आणि पाऊल टाकायच्या जागेकडे आधी बघा. ओल्या डांबरावर पान चपटं पडतं, बेडूक मात्र पुढच्या पायांवर किंचित उठून बसलेला असतो. उजेडात डोळ्यांची बारीक चमकही येते. गाडी काढावीच लागली, म्हणजे कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर, एकाने टॉर्च घेऊन पुढे चालायचं आणि गाडी चालण्याच्या वेगाने मागे आणायची. वीसचा वेगही जास्त होतो.

सड्यावर उतरायचं असेल तर डबक्यांत बूट घालू नका. मळ ढवळला की तो अंड्यांवर बसतो. त्यातून मध्येच पावसाने चार दिवस दडी मारली तर एवढी उथळ डबकी आटतात आणि आतलं सगळं वाळून जातं. पावसाचा हा जुगार त्या जिवाला तसाही खेळावा लागतोच, त्यात जीपच्या टायरची भर नको. सड्यावर जीप घालून 'ऑफरोडिंग' करणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखी भाषा माझ्याकडे नाही.

झुडपांत टिक्-टिक् ऐकू आली तरी आवाजाच्या मागे घुसू नका. आंबोलीचा झुडूपबेडूकही 'अतिसंकटग्रस्त'च आहे आणि त्याच्या पिल्लांना पाण्यातली अवस्थाच नसते. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. त्याला तळं लागत नाही, ओला पालापाचोळा आणि सावली लागते. होमस्टेचं अंगण 'स्वच्छ' करायला आजूबाजूचा पाला झाडून जाळला की त्याचं बाळंतपणच जळालं. तीच गोष्ट दगड उलथण्याची. खाली देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, असतं, तेही आंबोलीतच पहिल्यांदा सापडलेल्या जातीचं असू शकतं. दगड उचललात तर जसाच्या तसा परत ठेवा. खरं तर उचलूच नका.

हिरण्यकेशीला सकाळी लवकर जा, आठच्या आत. देवळाजवळच्या कुंडातला हिरण्यकेशी मासा, म्हणजे 'शिस्टुरा हिरण्यकेशी', 2020 मध्ये विज्ञानाला नवीन म्हणून नोंदवला गेला. बोटाएवढा, तळाच्या दगडांना धरून राहणारा. 2021 मध्ये राज्य सरकारने इथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आकडा पुन्हा वाचा, सव्वापाच एकरही नाही. तिथे मासेमारीला बंदी आहे, पण त्रास गळापेक्षा लाडाचाच जास्त. कुरमुरे, बिस्किटं, पावाचे तुकडे पाण्यात पडतात, ते कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. हात-पाय धुताना साबण वापरणारेही दिसले. पाया पडा, बघा, पाण्यात काही टाकू नका. धुवाधार पाऊस असेल तर पाणी गढूळ असतं, मासा दिसत नाही, त्याच्यासाठी वेगळी फेरी मारू नका. याच कुंडातून निघालेली नदी आजरा, गडहिंग्लजवरून पुढे घटप्रभेला मिळते.

चमकणारी बुरशी बघायची असेल तर कुजक्या ओंडक्यांजवळ उभं राहून सगळ्या टॉर्च बंद करा आणि दहा मिनिटं मोबाइलला हात लावू नका. पाचव्या मिनिटाला 'काही नाही इथे' म्हणत स्क्रीन उघडणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला मागे ठेवा.

महादेवगड आणि कावळेसाद पॉइंट, नांगरतास धबधबा : बघा, छान आहे, त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. घाटातल्या मुख्य धबधब्यावर शनिवार-रविवारी जाणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

सामान. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट, तळव्याला खोल खाचा असलेले. ट्रेकिंगचे महागडे बूट पहिल्याच दिवशी भिजतात आणि तिसऱ्या दिवशीही वाळत नाहीत. रेनकोटपेक्षा मोठी छत्री बरी, कॅमेराही तिच्याखाली राहतो. दोन हेडलॅम्प आणि जादा सेल. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेल, नाहीतर लेन्सवर धुकं धरतं. जळवांसाठी लीच सॉक्स घ्या. मीठ टाकायचं असेल तर जळू पायाला असताना रस्त्यावर टाका, ओढ्याच्या काठावर नाही. आणि दुसऱ्या डोंगरातून येत असाल तर बूट आधी घासून, कडक उन्हात पूर्ण वाळवून आणा. बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका पाणथळीतून दुसरीकडे जाऊ शकते.

साप चावलाच तर धावपळ नको, 108 ला फोन करा आणि माणसाला सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. घाट उतरून तीसेक किलोमीटर, पावसात तासभर धरा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापड्याचं विष त्यात नाही. फुरसं मात्र या कातळावर आहे, म्हणून रात्री हात टेकवून बसायचं नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी : सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. तिथून आधी सावंतवाडी स्टँड गाठा, मग आंबोलीकडे जाणारी एसटी.

एक तक्रार स्थानिकांच्या बाजूने. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे संस्थानकाळापासून गावाच्या सामूहिक ताब्यात असलेल्या जमिनीचा, प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत आलाय. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नाही आणि बाहेरून येणाऱ्याला बंगल्याची जागा हवी. अशा ठिकाणी 'जंगल वाचवा' असं शहरातून सांगणं सोपं आहे. 2020 मध्ये आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून 56.92 चौरस किलोमीटर जंगलाला मान्यता मिळाली. वाघ-हत्तींच्या वाटेसाठी ते हवंच होतं. पण टोडची डबकी गावाच्या सड्यावर आणि रस्त्याच्या कडेला आहेत, ती राखायची तर गावानेच राखायची. त्यामुळे पैसे गावातच खर्च करा. जेवण घरगुती खाणावळीत, गाइड गावातला, मुक्काम गावकऱ्याकडे.

निघताना सकाळी गाडी सुरू करण्याआधी टायरच्या वर, मडगार्डच्या आत टॉर्च मारा. रात्रभर उभ्या गाडीखाली कोरडं असतं, बेडूक तिथे येऊन बसतात. आमच्या गाडीच्या उजव्या मागच्या चाकावर दोन होते. काठीने ढकलू नका, चाकावर तांब्याभर पाणी ओता, ते स्वतःच उतरतात.